डब्यातला खटका

ताईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, दात राहत. रस्त्यात कुणी थांबून "ओळखलंत का मला?" असं हसत विचारलं की त्या थेट त्याच्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, "हो तर. वरचा डावा सुळा. बसलाय ना नीट?" समोरचा ओशाळून तोंड मिटे, कारण तो सुळा त्याचा स्वतःचा नाही हे बरोबरच्या मंडळींना तोवर ठाऊक नसे. ताईंना त्याचं काही वाटत नसे. आपल्या हातचं काम आहे, त्यात लपवायचं काय, असा त्यांचा रोखठोक खाक्या.

त्या खोटे दात बनवत. दंतवैद्य पेशंटच्या जबड्याचा साचा पाठवत आणि ताई तळमजल्यावरच्या खोलीत खिडकीपाशी बसून, चिनी मातीची पूड पाण्यात कालवून, बारीक ब्रशने थरावर थर चढवत दात उभा करत. मग भट्टी, मग पुन्हा थर, पुन्हा भट्टी. शेजारच्या खऱ्या दाताला मुळाशी पिवळसर झाक असेल तर इथेही झाक, टोकाला निळसर असेल तर निळसर, आणि खऱ्यावर केसाएवढी चीर असेल तर ताई खोट्यावरही ती चीर काढत. प्लास्टरचा वरचा जबडा आणि खालचा जबडा लोखंडी सापळ्यात बसवायचे, सापळा मिटायचा, कुलपाचं 'खट्' वाजलं की हात सोडायचा. दिवसातून कितीदा तरी हे 'खट्' वाजे आणि ताईंचा हात आपोआप सुटे. सगळं जमलं तरी मन भरलं नाही, तर टेबलाच्या खणातून छोटी हातोडी निघे आणि दाताचा चुरा होई. दंतवैद्य हळहळत, "अहो ताई, चालला असता की!"

"चालला असता म्हणूनच फोडला," ताई म्हणत.

जन्मभर दुसऱ्याच्या दातांची नक्कल करणाऱ्या या बाईने पुढे स्वतःच्या औषधाच्या बाबतीत 'नक्कल' या शब्दाला नाक मुरडावं, यातली गंमत घरात सगळ्यांना दिसत होती. बोलून दाखवायची छाती कुणाचीच नव्हती.

घरात माणसं तिघंच. ताई, वरच्या मजल्यावर त्यांचा भाऊ, जो रस्त्यावरच्या दिव्यांची दुरुस्ती करे, आणि त्याची बायको. ही भावजय गावाबाहेरच्या औषधाच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर होती. ताई तिला 'तपासनीस' म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. दुधाचा वास दोनदा घेतल्याशिवाय ती चहा टाकत नसे, आणि कुलूप लावून चार पावलं गेली की परत येऊन ओढून बघे. "अगं, तुझ्यावर तरी तुझा विश्वास आहे का?" ताई विचारत. भावजय हसे, आणि हसताना तळहात तोंडावर घेई. तिचा पुढचा एक दात लहानपणी पडून मार लागल्याने काळवंडला होता. लग्न होऊन ती आली त्या दिवशीच ताईंनी तो हेरला होता. मनातल्या मनात त्याची छटाही जुळवली होती. पण तिने मागितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. नणंद-भावजयीत असं बरंच काही जागच्या जागी राहून जातं.

मग ताईंच्या बोटांनी दगा दिला. सकाळी उठलं की मूठ मिटेना, नळ फिरवायला मनगट तयार होईना, पेरांचे सांधे सुजून लालबुंद. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, शरीराची राखण करणारी यंत्रणाच सांध्यांना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडते आहे.

"म्हणजे माझेच पहारेकरी मला बडवतायत?"

"तसंच समजा."

"मग काढून टाका त्यांना कामावरून."

"काढता येत नाही. आवरता येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी इंजेक्शन लिहून दिलं. दर पंधरवड्याला एक, घरच्या घरी, पेनासारख्या नळीतून मांडीवर घ्यायचं.

त्या इंजेक्शनाने खरोखर जादू केली. महिन्या-दोन महिन्यांत ताईंच्या बोटांत ब्रश पुन्हा पहिल्यासारखा नाचू लागला. पण त्याची किंमत अशी, की भावाचा पगार, ताईंची कमाई आणि भावजयीचा पगार एकत्र केला तरी घराच्या नाकी नऊ यावेत. कुणी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. भावाने मात्र हिवाळ्याचे बूट घ्यायचे टाळले, आणि ते ताईंना दिसलं. मग ताईंनी गुपचूप एक शहाणपणा केला. एक इंजेक्शन घ्यायचं, एक गाळायचं. घरात कळू दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या वेळी बोटं हातात घेतली आणि त्यांना न सांगताच कळलं.

त्या रागावल्या. राग ओसरल्यावर म्हणाल्या, "ऐका. याच औषधाच्या तोडीचं दुसरं आलंय. बायोसिमिलर म्हणतात. हे औषध एकट्यानेच बनवायचा मूळ कंपनीचा हक्क संपला, आता दुसरेही बनवतात. गुण तोच, आणि किंमत तुम्हाला झेपेल अशी."

"म्हणजे नक्कल."

"त्याच्यासारखं."

"त्याच्यासारखं म्हणजे तेच नाही."

"अगदी तेच नाही, पण..."

"झालं तर मग," ताई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी तरीही हातात दिलेल्या चिठ्ठीवरचं औषधाचं नाव त्यांनी घरी येऊन वाचून दाखवलं, तेव्हा भाऊ मोठ्याने हसला. "अगं, हे तर हिच्या कारखान्यातलं!"

ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. आता आपल्या सांध्यांचीही तपासनीस हीच! भावजयीने हातातली सुरी खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर बसली. कामाचा विषय निघाला की तिचा भिडस्तपणा कुठे पळे कोण जाणे.

"ताई, हे डोकेदुखीच्या गोळीसारखं ढवळून बनवायचं औषध नाही. मोठ्या टाकीत जिवंत पेशी वाढवायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचं, ऊब सांभाळायची. मग त्या हे औषध तयार करतात. जिवंत म्हटलं की उन्नीस-बीस आलंच. मूळ कंपनीच्या दोन टाक्यांतलं औषधसुद्धा अगदी तंतोतंत एक नसतं. किती फरक चालतो ते ठरलेलं असतं. आधी वर्षानुवर्षं मोजून, मग रुग्णांवर ताडून बघूनच हे बाहेर आलंय. आणि रोजची टाकी त्या मापात बसते की नाही, ते बघणं माझं काम."

"कसं बघतेस? चाखून?"

"यंत्रं बघतात. मी यंत्रांवर नजर ठेवते."

"ते आलंच," ताई म्हणाल्या.

दुसरा मार्गच नव्हता म्हणून त्या तयार झाल्या. दवाखान्यातल्या सिस्टर नवं पेन कसं वापरायचं ते समजावू लागल्या. जुन्या पेनाला वर बटण होतं. ते दाबलं की औषध निमूट आत जाई आणि संपलं की 'खट्' वाजे. वाजलं की उचलायचं. सिस्टर म्हणाल्या, "ताई, याला बटण नाहीये, नुसतं मांडीवर टेकवून दाबायचं. आणि याचा आवाज..."

"कळलं हो सिस्टर. तुम्ही शाळेत जात होतात तेव्हापासून माझ्या हातात हत्यारं आहेत."

सिस्टरच्या मागे रांग होती. त्यांनी हात जोडले.

इंजेक्शन घ्यायचं ते ताई आपल्या कामाच्या खोलीत, दार लावून. पेन मांडीवर टेकवायचं, दाबायचं, खट् वाजलं की उचलायचं आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. डबा भरला की दवाखान्यात द्यायचा. पहिल्याच वेळी मांडीवर ओघळ आला. ताईंनी तो कापसाने टिपला आणि दारातूनच ओरडल्या, "गळतंय गं तुमचं औषध! जुनं कधी गळलं नव्हतं."

भावजय कामावर निघाली होती. चपला घालता घालता ती थबकली, पण बस चुकली असती.

पुढच्या वेळीही गळलं, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. पेरं पुन्हा सुजू लागली. चहाचा कप एका हाताने उचलवेना. ताईंना दुखण्याचा त्रास तर होताच, पण खरं सांगायचं तर आपलं म्हणणं खरं ठरतंय याचं थोडं समाधानही होतं.

त्याच सुमारास क्लॅरिनेटवाला आला. हा वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचा. पूर्वी त्याचा पुढचा एक दात गेला होता तेव्हा ताईंनीच बनवून दिला होता. आता मंचाच्या पायरीवरून तोल जाऊन तो खोटा आणि शेजारचा खरा, दोन्ही तुटले होते. दंतवैद्याने तात्पुरते दात लावून त्याला थेट ताईंकडे पाठवलं होतं.

"वाद्याची मुखनळी वरच्या याच दोन दातांवर टेकते," तो म्हणाला. "जरा उंची बदलली, जरा कड बदलली, की फुंकर भलतीकडे जाते. या तात्पुरत्या दातांवर वाजवलं तर शेजारचा कुत्रा रडतो."

ताईंनी कपाटातून त्याचा जुना साचा काढला. त्यांच्याकडे सगळ्यांचे साचे असत. "तेव्हाचा दात बरा वाजायचा?"

"बरा? ताई, तुमची नक्कल तोंडात घेऊन मी दहा वर्षं वाजवतोय. आमच्या म्हाताऱ्या गुरुजींचे कान म्हणजे मांजराचे कान. त्यांनाही कधी कळलं नाही. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही."

'नक्कल' हा शब्द ताईंना जरा बोचला. पण त्यांनी तो कानामागे टाकला आणि सापळा पुढे ओढला.

पहिला दात उभा करताना ब्रश हातातून पडला. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो अंगठा आणि दोन बोटांत घट्ट धरला, तर कळ अशी गेली की थर ढासळला. भट्टीत जाण्याआधीच दाताचं पीठ झालं. हातोडीची गरजच उरली नाही. त्यांनी दंतवैद्याला फोन करून वेळ मागितला. तो भला माणूस. म्हणाला, "ताई, नाहीतर हे एवढं यंत्राकडे देऊ या का? आजकाल यंत्रही बरे करतं दात."

"बरे!" ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग बराच वेळ त्या खिडकीपाशी हात मांडीवर टाकून बसून राहिल्या. त्या हातांवरच त्यांचं सगळं उभं होतं. लग्न केलं नाही, कुणाच्या दारात गेल्या नाहीत, भावाला शिकवलं, घर उभं केलं, ते याच बोटांवर. त्यांना भीती वाटली, आणि भीती वाटली की ताईंना राग येत असे. पहिल्यापासूनच तशी खोड.

तो राग संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर निघाला.

"सोमवारी मी डॉक्टरीणबाईंना सांगणार आहे. हे बंद करा."

"बंद करून मग काय घेणार?" भावाने विचारलं.

"काही नाही. जुनं परवडत नाही, नवं लागू पडत नाही. हात जायचे असतील तर जातील. पण हिच्या कारखान्याचं पाणी मी आणखी टोचून घेणार नाही."

भाऊ ताटात बघू लागला. भावजयीच्या जागी दुसरी एखादी रडली असती, किंवा उठून गेली असती, आणि कुणी तिला नावं ठेवली नसती. हिने पाण्याचा घोट घेतला आणि विचारायला सुरुवात केली. फ्रिजमध्ये कुठल्या कप्प्यात ठेवता? बाहेर काढून किती वेळ थांबता? गळतं म्हणजे थेंब की ओघळ? आधी गळतं की नंतर?

"ही काय उलटतपासणी?"

"ताई, औषध खरंच वाईट निघालं असेल तर ते मला कळायलाच हवं. तुमच्यासारखे कितीतरी जण ते घेतायत." ती थांबली नाही. "आमच्याकडे निकाल विचित्र आला की आधी हात तपासतात, मग यंत्र, मग औषध. मला एकदा तुम्ही घेताना बघू द्या."

"हात? माझा हात तपासणार तू?"

"ताई, तसं नाही..."

"या हाताने लोकांच्या तोंडात दात बसतात! आणि तुझ्यासमोर मांडी उघडी टाकून बसू? तेवढंच राहिलंय आता."

शब्दाने शब्द वाढला असता, पण भावजयीने वाढू दिला नाही. ताटं गोळा करून ती स्वयंपाकघरात गेली. आत नळ जरा जास्तच वेळ वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ चहाचा कप घेऊन खाली आला. कप त्याने ताईंच्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला, कारण हातात धरता आला नसता. ते त्याला कळतं हे बघून ताईंना आणखीच वाईट वाटलं.

"तायडे," तो म्हणाला. लहानपणी तो असं म्हणत असे. "मागे एकदा ही दोन दिवस जेवली नव्हती, आठवतं?"

"आठवतं की. माझ्यावर रुसली होती. मी तिच्या पडद्यांना नावं ठेवली होती."

"पडद्यांचं काही नव्हतं गं. तिने कारखान्यात अख्खी टाकी ओतून द्यायला लावली होती."

"टाकी?"

"घरात उभी केली तर छताला लागेल एवढी. कितीतरी जणांची कित्येक आठवड्यांची मेहनत. तपासणीत एक फरक दिसला होता, एवढासा. साहेब म्हणाले, मर्यादेच्या अगदी काठावर आहे, चालेल. ही म्हणाली, पुन्हा मोजा. रात्रपाळीच्या लोकांनी पुन्हा मोजलं. हिचंच बरोबर निघालं. टाकी ओतली गेली आणि ही घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. मी म्हटलं, तूच बरोबर होतीस ना? तर म्हणाली, हो, पण त्या पेशींनी किती काम केलं होतं."

 ताईंचा हात आपोआप टेबलाच्या खणाकडे गेला होता. खणात हातोडी होती. एवढी वर्षं आपण एकट्याच आहोत असं त्यांना वाटत होतं. चालला असता तरी फोडणारी आपल्यासारखी दुसरी कुणी जगात नाही, असं. आणि ती त्यांच्याच डोक्यावरच्या मजल्यावर राहत होती, कुलपं ओढून बघत. त्यांना एकदम तिचा अभिमान वाटला. तो कुठे ठेवावा हे कळेना, म्हणून त्या भावावर खेकसल्या, "हे मला तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"तू पडद्यांवर बोलत होतीस," भाऊ म्हणाला.

पुढच्या इंजेक्शनाचा दिवस सोमवारच्या आधीच होता. ताईंनी जिन्यातून वर हाक मारली, "ए तपासनीस! ये खाली. दाराबाहेर उभी राहा. कान लाव, डोळे नकोत."

भावजय ओल्या हातांनीच धावत खाली आली आणि दाराला कान लावून उभी राहिली. आत ताईंनी पेन मांडीवर टेकवलं, दाबलं. खट्. उचललं. ओघळ आलाच, तो कापसाने टिपला. पेन पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावलं. डब्यात खट् वाजलं.

"ताई," बाहेरून आवाज आला, "आत्ता काय वाजलं?"

"पेन."

"ते पहिलं. नंतरचं?"

"डबा. जुना आहे, वाजतो."

"आधीपासून वाजायचा?"

ताई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. डबा कामाच्या खोलीत कित्येक वर्षं होता. तो कधीपासून वाजायला लागला? त्यांनी साडी नीट केली आणि दार उघडलं. भावजयीने डबा उचलला, झाकण काढलं, आत हात न घालता वाकून बघितलं. तळ ओला होता.

तिने झाकण पुन्हा लावलं. मग हळू म्हणाली, "ताई, हे पेन दोनदा वाजतं. दाबल्यावर एकदा, म्हणजे औषध सुरू झालं. आणि मग थोड्या वेळाने दुसऱ्यांदा, म्हणजे संपलं. तोवर धरून ठेवायचं असतं. तुम्ही पहिल्याच खटक्याला उचलता. बाकीचं मग बाहेरच उडतं. थोडं मांडीवर, थोडं डब्यात."

ताई डब्याकडे बघत राहिल्या. जबड्याचा लोखंडी सापळा शेजारीच उघडा पडला होता. खट् वाजलं की हात सोडायचा. हाताला आयुष्यभर हेच शिकवलं होतं, आणि हात शहाण्या मुलासारखा ऐकत होता.

"म्हणजे इतके दिवस औषध या डब्याला चालू होतं?" त्यांनी विचारलं.

भावजयीने ओठ घट्ट आवळले. पण ताईंचा चेहरा बघून तिला आवरेना. तिने तळहात तोंडावर घेतला आणि ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ताईही हसल्या. हसता हसता त्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही सुजलेले हात त्यांनी चेहऱ्यावर ठेवले, कारण आता त्यांना रडू येत होतं. औषध वाईट नव्हतं. हात जाणार नव्हते.

"मी तुझ्या औषधाला पाणी म्हटलं," त्या हातांआडून म्हणाल्या.

"म्हणालात. पण चूक तुमच्याइतकीच आमचीही आहे. जुन्या पेनाची सवय असलेल्या माणसाला हे ओरडून सांगायला हवं. मी उद्याच कामावर सांगते."

एवढं होऊनही ताई लगेच दुसरं पेन काढायला उठल्या, तर तिने फ्रिजच्या दारावर हात ठेवला. किती आत गेलं ते माहीत नाही, अंदाजाने टोचायचं नाही, आधी दवाखान्यात विचारायचं. तपासनीस ती तपासनीसच. तिने फोन लावला. सिस्टरनी दोघींना बोलावलं, सुई नसलेलं सरावाचं पेन ताईंच्या हातात दिलं आणि दुसरा खटका वाजेपर्यंत तोंडाने आकडे मोजायला लावले. ताईंनी लहान मुलीसारखे मोजले. डॉक्टरीणबाईंनी पुढचं इंजेक्शन कधी घ्यायचं ते ठरवून दिलं. निघताना ताई दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, त्या दिवशी तुमचं वाक्य मी मध्येच तोडलं. ते पूर्ण केलंत ते बरं केलंत." सिस्टरना असलं काही ऐकायची सवय नसावी. त्यांनी ताईंना पायऱ्यांपर्यंत सोडलं.

औषधाला वेळ लागला. पहिल्या पंधरवड्यात काहीच वाटलं नाही, आणि ताईंनी तोंडातून शब्द काढला नाही, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं. मग एका सकाळी नळ फिरला. मग एक दिवस साडीची पिन एका झटक्यात लागली. भाऊ चहा घेऊन आला तर ताईंनी कप त्याच्या हातातूनच घेतला. परत जाताना तो जिना दोन-दोन पायऱ्या एकदम चढला.

क्लॅरिनेटवाल्याने तोवर तात्पुरत्या दातांवर दम धरला होता. ताईंनी त्याचे दोन दात उभे केले. पहिली जोडी हातोडीखाली गेली. दुसरी दंतवैद्याकडे गेली. दात बसवून घेऊन तो सरळ ताईंच्या खोलीत आला आणि साच्यांच्या कपाटापाशी उभा राहून वाजवू लागला. ताईंना संगीतातलं फारसं कळत नसे. त्या त्याच्या ओठांकडे बघत होत्या. ओठ निवांत होते. शेजारचा कुत्रा उन्हात पडून होता, त्याने कानसुद्धा हलवला नाही.

तो गेल्यावर ताईंनी पुन्हा जिन्यातून हाक मारली. "ए, खाली ये. उजेड आहे तोवर."

भावजय आली. ताईंनी तिला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं आणि खणातून छटांची पट्टी काढली. पंख्यासारखी उघडणारी ती पट्टी, प्रत्येक पातीला एक नमुन्याचा दात. ती बघून भावजयीला कळलं आणि ती एकदम उठू लागली.

"बस. तोंड उघड."

"ताई, कशाला... इतकी वर्षं गेली, सवय झालीय मला."

"मला झाली नाही. तू या घरात आलीस त्या दिवसापासून बघतेय मी तो. मीच विचारायला हवं होतं. उद्या दंतवैद्याकडे जायचंय, वेळ घेऊन ठेवलीय."

भावजय खाली बसली. ताईंनी तिची हनुवटी उजेडाकडे वळवली, पट्टीवरचे नमुने शेजारच्या दाताशी एकेक करून लावून बघितले. एकही पुरता जुळेना. दोन छटांच्या मधली कुठलीतरी होती. ती कालवून करावी लागणार होती, बहुधा एखादा दात फोडावाही लागणार होता, आणि या विचाराने ताईंना फार बरं वाटत होतं.

"अगदी तस्साच नाही व्हायचा हं," त्या म्हणाल्या. "त्याच्यासारखा होईल."

"किती फरक असेल?" भावजयीने तोंड उघडं ठेवूनच विचारलं. "मोजून सांगा. चालवून घेणार नाही मी."

ताईंनी तिच्याकडे बघितलं. भावजयीला हसू फुटलं, आणि नेहमीच्या सवयीने तिचा हात तोंडाकडे निघाला. ताईंनी तो वरच्यावर मनगटाशी पकडला आणि पाची बोटांनी घट्ट धरून ठेवला.